अंगठ्याची कवळी

घरात सॅक्सोफोन आला त्या दिवसापासून कवळीवाल्यांच्या आईला स्वच्छ ऐकू यायला लागलं. त्याआधी म्हातारीच्या कानाशी जाऊन बोंब मारली तरी ती "काय म्हणालास?" म्हणायची. आता सकाळी सूनबाईंनी त्या पितळी नळकांड्यात पहिली फुंकर घातली, की आतल्या खोलीतून ठणठणीत आवाज यायचा, "झालं सुरू!" कानाच्या डॉक्टरांनी जिथे हात टेकले होते तिथे सुनेने फुकटात गुण आणला होता, पण त्याचं श्रेय द्यायला म्हातारी तयार नव्हती.

कवळीवाले म्हणजे कवळ्या बनवणारे. दातांचे डॉक्टर नव्हेत, तो गैरसमज आत्ताच काढून टाका, कारण तसं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. डॉक्टर तोंडात लगदा भरून माप घेतो आणि मोकळा होतो. त्या मापावरून मेणात एकेक दात लावायचा, गुलाबी हिरडी घडवायची, ती घासून घासून काचेसारखी करायची, हे सगळं कवळीवाल्यांनी करायचं. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांची एका खोलीची कार्यशाळा होती आणि तिच्या फळ्यांवर निम्म्या गावाचे जबडे प्लास्टरमध्ये मांडून ठेवलेले होते. रस्त्यात कुणी हसून नमस्कार केला तर ते आधी दात ओळखत, मग माणूस. आपल्या हातची कवळी कधी टोचत नाही, हा त्यांचा अभिमान होता, आणि माणसाला एखादा तरी अभिमान लागतोच.

बायको मोठ्या इस्पितळात मेट्रन होती. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी सगळे तिला मेट्रनबाईच म्हणत, मनातल्या मनात नवरासुद्धा. निवृत्त झाल्यावर बायका झाडं लावतात, विणकाम काढतात. या बाईने सॅक्सोफोन घेतला. "उभा जन्म मी लोकांना 'शांतता राखा' म्हणत वॉर्डातून फिरले," ती म्हणाली. "आता मी आवाज करणार आहे. ज्याला शांतता पाहिजे त्याने इस्पितळात जाऊन झोपावं."



आवाज तिने मनापासून केला. पण त्या वाद्याला मागच्या बाजूला एक धातूचा आकडा असतो. वाद्य गळ्यातल्या पट्ट्याला अडकवलेलं असतं हे खरं, पण ते हलू नये, डुलू नये म्हणून उजव्या हाताचा अंगठा त्या आकड्याखाली घालून तोलून धरावं लागतं. तो आकडा ज्याने पहिल्यांदा घडवला त्याला स्वतःला अंगठा नसावा. मेट्रनबाईंच्या अंगठ्याच्या सांध्यात तो असा रुतायचा, की थोडं वाजवलं की तिथे लालभडक व्हायचं, मग कळ यायची, मग अंगठा निसटायचा. अंगठा निसटला की वाद्य फिरायचं, वाद्य फिरलं की वाद्याची तोंडात धरलेली पट्टी वाकडी व्हायची आणि शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी किंकाळी निघायची. घरच्यांना वाटायचं, चालच तशी आहे.

मेट्रनबाई हौशी बँडमध्ये वाजवायच्या. येत्या रविवारी वाचनालयाच्या सभागृहात बँडचा कार्यक्रम होता आणि त्यात एक संथ चाल त्यांना एकटीला वाजवायची होती. चालीच्या शेवटी एक लांबच लांब सूर होता. तालमीत तो सूर एकदाही शेवटपर्यंत गेला नव्हता, दर वेळी मधेच मांजर ओरडायचं. बँडमास्तरांनी स्पष्टच सांगितलं, की रविवारी सूर तुटला तर यापुढे ती चाल ट्रंपेटवाल्याकडे. मेट्रनबाईंनी त्याच्याही वरचढ शपथ घेतली. जेवताना ताट बाजूला सारून त्या म्हणाल्या, "रविवारी तो सूर पुरा झाला नाही ना, तर मी वाजवणंच सोडीन. सॅक्सोफोन बँडला देऊन टाकीन. लोकांपुढे हसं करून घ्यायचं वय नाही माझं."

म्हातारीचे डोळे चमकले. मेट्रनबाई मात्र आपल्या अंगठ्याकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा इतका पडला होता की कवळीवाल्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"अहो," त्या म्हणाल्या, "गावभर लोकांच्या तोंडात कवळ्या बसवत फिरता. माझ्या अंगठ्याला बसेल असं काहीतरी करा की. त्या आकड्यावर चढवायला."

"करतो," कवळीवाले म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाई भाजीला गेलेल्या बघून खालच्या मजल्यावरचे वकील वर आले. हे वकील घरी बसून कज्ज्यांची तयारी करत आणि नेमकं निकराच्या मुद्द्याला वरून मांजर ओरडलं की त्यांचा मुद्दा हरवत असे. त्यांनी आणि म्हातारीने कवळीवाल्यांना मधे बसवलं.

"बाळा," म्हातारी कुजबुजली. तिची कुजबुज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायची. "ते काय करायचंय ना, ते जरा बिघडव."

"बिघडवा असं आम्ही म्हणत नाही," वकील म्हणाले. "फक्त फार बरं करू नका. थोडं टोचू द्या. रविवारी सूर तुटेल, बाई आपणहून सोडतील, तुमच्यावर काही येणार नाही. कुणाचं नुकसान नाही त्यात."

"अहो, पण ती बिचारी..."

"आणि मी कोण?" म्हातारी म्हणाली. "मी बिचारी नाही का? चांगली बहिरी होते, सुखात होते!"

कवळीवाले स्वभावाने मऊ. समोरचा जे म्हणेल त्याला हो म्हणायची खोड त्यांना होती आणि त्यापायी ते आजवर अनेकदा तोंडघशी पडले होते. शिवाय खरं सांगायचं तर सकाळचा चहा शांततेत प्यावा असं त्यांनाही वाटत होतं. त्यांनी मान डोलावली. मान डोलावून झाल्यावर त्यांना आपली लाज वाटली, पण डोलावलेली मान परत कशी घेणार?

माप घ्यायला त्यांनी बायकोला सॅक्सोफोनसकट कार्यशाळेत बोलावलं. आकड्यावर गुलाबी लगदा थापला आणि सवयीने म्हणाले, "हं, मोठा आ करा."

"अंगठ्याने?"

"चुकलं. दाबा. सावकाश. हं, आता नाकाने श्वास घ्या."

"माझा अंगठा गुदमरत नाहीये," मेट्रनबाई म्हणाल्या. तरी माप सुटल्यावर कवळीवाल्यांनी चूळ भरायला पाण्याचा पेला पुढे केलाच, आणि मेट्रनबाईंनी तो मुकाट्याने पिऊन टाकला. नवऱ्याला कामात टोकायचं नाही, असं त्यांनी त्या दिवसापुरतं ठरवलं होतं.

मग कवळीवाले बिघडवायला बसले. तुम्हाला वाटेल, बिघडवायला काय लागतं! अहो, सगळा जन्म चांगलं करण्यात घालवलेल्या माणसाला विचारा. हात आपसूक बरोबर जागी जायचे. खड्डा जिथे हवा तिथेच पडायचा, कड जिथे गोल हवी तिथेच गोल व्हायची. तीनदा त्यांनी केलेलं मेण मोडलं. शेवटी डोळे मिटून, जीभ चावून, त्यांनी सांध्याच्या जरा खाली एक टेंगूळ ठेवून दिलं. आणि साच्यातून वस्तू निघाली तशीच, न घासता, खरबरीत सोडली. रंग हिरडीचाच, कारण कार्यशाळेत दुसरा रंग नव्हता. ती गुलाबी, ओबडधोबड टोपी त्यांनी कागदात गुंडाळून घरी नेली. वाटेत दोन ओळखीच्या कवळ्या भेटल्या, त्यांच्याकडे बघायचं धाडससुद्धा त्यांना झालं नाही.

मेट्रनबाईंनी ती टोपी आकड्यावर चढवली आणि अंगठा लावला.

"अगंबाई!" मेट्रनबाई म्हणाल्या. "हे काय केलंत तुम्ही?"

"टोचतंय?"

"टोचतंय कसलं! बसलं! अंगठा कसा बसलाय बघा, हलत म्हणून नाही!"

त्याचं असं झालं होतं, की त्या टेंगळाने अंगठा खालून अडवला आणि खरबरीतपणाने तो घसरायचा थांबवला. मेट्रनबाई वाजवायला लागल्या. त्या इतका वेळ कधी वाजवू शकल्या नव्हत्या, कारण इतक्यात अंगठा संपावर जायचा. आज तो जाईना. मांजर एकदाही ओरडलं नाही, पण सकाळ संपली, दुपार झाली, तरी बाई थांबेनात. म्हातारी उशी डोक्यावर घेऊन बसली. खालून वकिलांनी छताला काठी ठोकली तर मेट्रनबाई म्हणाल्या, "बघा, ताल धरताहेत!"

"मेल्या, तुला बिघडवताही येत नाही?" म्हातारी मुलाला म्हणाली.

"आई, मी बिघडवलंय गं," कवळीवाले कळवळून म्हणाले. "इतकं वाईट काम मी उभ्या आयुष्यात केलेलं नाही."

आणि खरंच, त्यांना तेच खात होतं. बायको खुशीत होती, ती रात्री झोपेत हसत होती, सगळं गोड झालं होतं. शहाण्या माणसाने तिथे थांबावं. पण शनिवारच्या तालमीला मेट्रनबाई त्यांना मुद्दाम बरोबर घेऊन गेल्या आणि बँडभर दाखवत सुटल्या, "आमच्या ह्यांनी केलंय." बँडमास्तरांनी चष्मा वर करून ती गुलाबी वस्तू निरखली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "कवळ्याही अशाच खरबरीत असतात का हो?"

मागे बसलेल्या ट्रॉम्बोनवाल्याने पटकन तोंडावर हात ठेवला. त्याची वरची कवळी यांच्याच हातची होती.

कवळीवाल्यांच्या जिव्हारी लागलं. उद्या भर सभागृहात, गावासमोर, हे टेंगूळ मिरवणार? त्यांच्या नावानं? आणि तेही स्वतःच्या बायकोच्या हातात? परक्यांना काचेसारखं काम आणि घरच्या माणसाला हे? त्यांना रडू यायचंच बाकी राहिलं. आपण बायकोशी दगा करायला बसलो होतो, ते निस्तरायचं असेल तर हीच संधी, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

रविवारी सकाळी मेट्रनबाई केस धुवायला गेल्या तशी त्यांनी टोपी खिशात घातली आणि कार्यशाळा गाठली. मग काय विचारता! बिघडवताना ज्या हातांना घाम फुटला होता ते हात वाऱ्यासारखे चालले. टेंगूळ उडवलं. कडा गोल केल्या. आतला खड्डा अंगठ्याच्या रेषेनुरेषेला जुळवला. मग चाकावर धरून घासलं, बारीक भुकटीने घासलं, मऊ कापडाने घासलं. त्यांच्या धंद्याचा कायदाच आहे, की जिभेला काही लागता कामा नये. जीभ मोठी आगाऊ असते, जरा खडबडीत काही मिळालं की दिवसभर तिथेच जाते. त्यांनी ती टोपी जिभेलासुद्धा लावून पाहिली. गुळगुळीत! चेहरा दिसावा इतकी चकचकीत! इतकं सुंदर काम आपल्या हातून क्वचितच झालंय, असं त्यांना वाटलं, आणि ते खरंही होतं. घरी येऊन त्यांनी ती गुपचूप पेटीतल्या वाद्याच्या आकड्यावर पुन्हा चढवून ठेवली.

मेट्रनबाईंना टोपी दिसली ती थेट रंगमंचामागे, पेटी उघडल्यावर. बघायला वेळ नव्हता, बँडमास्तर हाका मारत होते. पहिल्या रांगेत एका बाजूला म्हातारी, दुसऱ्या बाजूला वकील आणि मधे कवळीवाले असे बसले होते. म्हातारीने कानात कापूस घातला होता, तोही सगळ्यांना दिसेल असा बाहेर लोंबता.

संथ चाल सुरू झाली. पहिल्या ओळीला मेट्रनबाई छान वाजवत होत्या. वरचे दिवे तापलेले, सभागृह गच्च भरलेलं, तळव्याला घाम आलेला. दुसऱ्या ओळीला त्यांचा अंगठा हळूच सरकला. त्यांनी तो परत जागेवर घेतला. तो पुन्हा सरकला. वाद्य डुललं, आणि सभागृहभर मांजर ओरडलं.

कवळीवाल्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे गाढवा! अंगठा म्हणजे जीभ का? अंगठ्याला धरायला काहीतरी नको? जे धरून ठेवत होतं तेवढंच नेमकं आपण घासून टाकलं!

तेवढ्यात वकिलांनी त्यांना कोपरखळी मारली. "मानलं तुम्हाला," ते कानाशी म्हणाले. "दिलेला शब्द पाळलात."

आणि दुसऱ्या बाजूने म्हातारीने त्यांची पाठ थोपटली. "शहाणा माझा बाळ," ती कुजबुजली. मागच्या चार रांगांनी वळून पाहिलं.

कवळीवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर मेट्रनबाई वाजवत होत्या, अंगठा सरकत होता, त्या तो मागे खेचत होत्या. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि शेवटचा लांब सूर आता दोन ओळींवर आला होता. त्यांचे डोळे भरून आले होते. इस्पितळात माणसं गेली तेव्हाही ज्या बाईने लोकांसमोर डोळ्यांतून पाणी काढलं नाही, ती बाई!

ते उठले. कुठे जायचं हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं, पायच निघाले. बाजूच्या पायऱ्यांकडे वळसा घालून जावं लागलं असतं म्हणून ते समोरूनच रंगमंचावर चढायला लागले. एक पाय वर आणि एक पाय खाली असे अडकले, तेव्हा ढोलवाल्याने दंडाला धरून वर ओढलं. ते रांगत बायकोच्या पुढ्यात गेले, गुडघ्यावर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी सॅक्सोफोनचा खालचा बाक उचलून धरला.

लोक हसले. हसणारच. वाकलेल्या नळकांड्याचं तोंड बरोबर कवळीवाल्यांच्या तोंडासमोर आलं होतं आणि त्यांचे विरळ केस प्रत्येक सुराला उडत होते. बँडमास्तरांची काठी क्षणभर हवेतच राहिली. मेट्रनबाईंनी खाली पाहिलं, पण वाजवणं थांबवलं नाही. भार गेला तसा त्यांचा हात मोकळा झाला, श्वास खोल गेला, आणि त्या शेवटच्या सुरावर आल्या.

सूर निघाला आणि निघतच राहिला. कवळीवाल्यांचे कान बसले, दात हलल्यासारखे वाटले, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. तो काही गंधर्वांचा सूर नव्हता, मधे जरा कापलाही. पण तुटला नाही. किती वर्षं हा आवाज भिंतीपलीकडून ऐकून आपण कपाळाला आठ्या घातल्या, आणि ती बिचारी तिकडे अंगठा चोळत पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती, हे त्यांना आत्ता, त्या भोंग्यासमोर बसून समजत होतं. त्यांचे दंड थरथरायला लागले. त्यांनी ओठ आवळले आणि वाद्य तसूभरही खाली येऊ दिलं नाही.

सूर संपला. मग टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या, मागचे लोक उभे राहिले. कानात कापूस घातलेल्या म्हातारीनेही शेजारीपाजारी बघून दोन टाळ्या वाजवल्या.

मेट्रनबाई धापा टाकत खाली वाकल्या. "चकचकीत कुणी करायला सांगितलं होतं?"

"मीच केलं."

"तोंडात घालायचं होतं का ते मला?"

"चुकलं," कवळीवाले म्हणाले. मग त्यांना राहवेना. "अगं, आणि ते आधीचं... ते मी मुद्दाम..."

"बिघडवलं होतंत. माहीत आहे. तुमची बैठक भरली तेव्हा मी पिशवी घेऊन जिन्यातच उभी होते."

"मग बोलली का नाहीस?"

"कशाला बोलायचं? तुमच्या हातून काही बिघडायचं नाही, ही खात्री होती मला," मेट्रनबाई म्हणाल्या. "निर्धास्त होते मी. आज सकाळी तुम्ही सुधारायला घ्याल, हे मात्र ध्यानात आलं नाही हो माझ्या."

लोक 'आणखी एकदा'चा गजर करत होते. बँडमास्तरांनी मेट्रनबाईंकडे पाहून काठी उचलली.

"मी उठतो," कवळीवाले म्हणाले. "नाही, उठता येत नाहीये. गुडघा धरलाय."

"उठताय कशाला?" मेट्रनबाई म्हणाल्या, आणि मोकळ्या हाताने त्यांनी नवऱ्याचे उडालेले केस नीट बसवले. "जरा डावीकडे सरका आणि धरा."

कवळीवाले डावीकडे सरकले आणि त्यांनी हात पुढे केले.